८६ किलोमीटर आणि काका

पहाटेचे साडेपाच वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. डरबनच्या सिटी हॉलसमोर, काळोखात, वीसेक हजार माणसं एकमेकांना चिकटून उभी आहेत. आपल्या विरार लोकलची आठवण यावी इतकी चिकटून. फरक एवढाच, की इथे कुणी कोपर मारत नाहीये आणि सगळ्यांच्या अंगाला मलमाचा वास येतोय.

लाऊडस्पीकरवर आधी दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रगीत झालं. मग ‘शोशोलोझा’. खाणीत कामाला जाणाऱ्या मजुरांचं, आगगाडीवरचं गाणं. माझ्या मागचा माणूस ते खर्जात म्हणत होता, बाजूची बाई वरच्या पट्टीत, आणि शब्दाचा अर्थ कळत नसतानाही माझ्या डोळ्यांत पाणी. मग ‘चॅरियट्स ऑफ फायर’ची धून. आणि मग चक्क कोंबडा आरवला! खोटं नाही सांगत. मॅक्स ट्रिम्बॉर्न नावाच्या धावपटूने १९४८ साली स्टार्टला उभं राहून कोंबड्यासारखी बांग दिली होती. लोकांना ती जाम आवडली. आता तो नाही, पण त्याच्या आवाजातली रेकॉर्ड केलेली बांग अजून दरवर्षी वाजते आणि त्यानंतरच बार उडतो.

‘घाबरलीस?’ काकांनी विचारलं.

‘नाही.’

‘मग मूर्ख आहेस.’

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. आमच्याच सोसायटीत ‘सी’ विंगमध्ये राहतात. बँकेतून रिटायर झालेले, वय वर्षं ५८. चार वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, तेव्हा माझं वजन, माझी झोप आणि माझा बँक बॅलन्स हे तिन्ही एकाच वेळी चुकीच्या दिशेला चालले होते. एकदा रात्रभर जागून स्टोरी फाइल केली आणि पहाटे पाचला दूध आणायला खाली उतरले, तर काका गेटपाशी स्ट्रेचिंग करत होते. ‘जागीच आहेस तर चल,’ म्हणाले. माझ्या पायात चपला होत्या. तशीच गेले. दोनशे मीटर पळाले आणि फुटपाथवर बसले. ते हसले नाहीत, हे मला आवडलं.

तिथून इथपर्यंतची गोष्ट सांगायची तर वेगळा लेख होईल. थोडक्यात सांगते. शनिवारी रात्री मित्रमंडळी एफसी रोडवर आणि मी नऊ वाजता अंथरुणात. रविवारी पहाटे साडेतीनला कोथरूडहून निघायचं, सिंहगडाच्या पायथ्याशी पोहोचायचं, घाटाने वर, खाली, पुन्हा वर. दुसऱ्यांदा वर आल्याशिवाय पिठलं-भाकरी मिळणार नाही, हा काकांचा नियम. कधी बोपदेव घाट, कधी साताऱ्याचा यवतेश्वर. आईचं मत शेवटपर्यंत एकच होतं : ‘एवढं पळून जायचंय कुठे?’

तर कुठे, ते सांगते.

एका इंजिन ड्रायव्हरचं खूळ

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांब काहीही असलं की ती अल्ट्रामॅरेथॉन. जगभर अशा शेकडो रेस आहेत. वाळवंटात, बर्फात, आपल्या लडाखमध्ये तर खारदुंग ला ओलांडून जाणारी आहे. पण अल्ट्रा म्हटलं की पळणाऱ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते ‘कॉम्रेड्स’चं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये ती धावली जाते. एक वर्ष समुद्राकडून डोंगराकडे, म्हणजे ‘अप’, आणि दुसऱ्या वर्षी उलट, ‘डाऊन’. मी धावले ते ९ जून २०२४ चं ‘अप’ वर्ष. अंतर ८६ किलोमीटरला जेमतेम शंभर मीटर कमी.

ही रेस सुरू केली व्हिक क्लॅपम नावाच्या माणसाने. पेशाने रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत सैनिक म्हणून पायपीट करून आलेला. गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून त्याला पुतळा नको होता, दमवणारं काहीतरी हवं होतं. माजी सैनिकांच्या संघटनेकडे त्याने परवानगी मागितली तर ‘हे माणसाच्या आवाक्यातलं नाही’ असं म्हणून त्याला परत पाठवलं गेलं. त्याने पुन्हा मागितली. अखेर २४ मे १९२१ ला पहिली रेस झाली. ३४ जण सुटले, १६ पोहोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला नऊ तासांना एक मिनिट कमी लागलं होतं.

ऐकायला छान आहे, पण एक गोष्ट एक्स्पोतल्या चकचकीत स्टॉलवर कुणी सांगत नाही. कॉम्रेड्स या नावाच्या या रेसमध्ये काळ्यांना आणि बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो थेट १९७५ साली. त्याआधी ते धावत नव्हते असं नाही. फ्रान्सिस हेवर्ड ही बाई १९२३ मध्येच धावली, रॉबर्ट म्त्शाली १९३५ मध्ये. नोंद नाही, मेडल नाही. २०१९ पासून नऊ ते दहा तासांत येणाऱ्यांना जे मेडल मिळतं त्याला म्त्शालींचं नाव दिलंय. ८४ वर्षांनी! सॅम त्शाबालाला हा पहिला काळा विजेता यायला १९८९ उजाडावं लागलं.

आता मुद्द्याचं. इथे बारा तास मिळतात. मी धावले त्या वर्षी साडेपाचला बार होता, संध्याकाळी साडेपाचला पुन्हा बार. मध्ये ठिकठिकाणी कट-ऑफ, म्हणजे त्या वेळेला तिथे पोहोचला नाहीत तर रेस खलास, बसमध्ये बसा. आणि २०२४ साली हे बारा तास मोजले गेले ते बंदुकीपासून, तुम्ही स्टार्ट लाइन ओलांडल्यापासून नव्हे. तुमच्या मॅरेथॉनच्या टायमिंगप्रमाणे तुम्हाला पुढच्या किंवा मागच्या कप्प्यात उभं करतात. मी जानेवारीत मुंबईत ४ तास ३८ मिनिटं लावली होती, काकांनी ४ तास ४४. अर्थातच आम्ही मागे. बार उडाल्यावर आम्हाला नुसती स्टार्ट लाइन दिसायला आठ मिनिटं लागली. रेस सुरू व्हायच्या आधीच आठ मिनिटं उशीर. पुण्याच्या मुलीला हे कॅबमध्ये रोज होतं, पण कॅबमधून उतरून ८६ किलोमीटर पळायचं नसतं.

काका २०२३ ला एकटे आले होते. परत आले ते टी-शर्ट घेऊन, मेडल न घेता. काय झालं विचारलं तर ‘गुडघे’ एवढंच म्हणाले. तो टी-शर्ट त्यांनी वर्षभर घातला नाही. मग एकदा सिंहगडावर पिठलं खाताना अचानक म्हणाले, ‘पुढच्या वर्षी तू पण चल. शेवटपर्यंत एकत्र.’ मी ‘हो’ म्हटलं. तोंडात भाकरी असताना माणसाने कसलंही वचन देऊ नये.

चढ, चढ आणि थोडा चढ

डरबन अजून झोपेत असतानाच आपण शहराबाहेर पडतो. उजाडलं की कळतं, की आपण सगळा वेळ चढतोय. या वाटेवरचे पाच मोठे डोंगर प्रसिद्ध आहेत : काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स. पाठांतरासाठी पाच ठीक, पण प्रत्यक्षात मधल्या बिननावाच्या चढांनीच जास्त जीव काढला. आणि हे डोंगर म्हणजे पायवाटा नाहीत. गुळगुळीत डांबरी रस्ता. काउइज हिल तर बंगल्यांच्या वस्तीतून जातो. लोक पायजम्यात, हातात कॉफीचा मग घेऊन, रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले. शेगड्या पेटवलेल्या, सकाळी आठला मांस भाजायचा वास. एका कुटुंबाने तर अख्खा सोफा बाहेर आणून ठेवला होता. पळणाऱ्या माणसाला सोफा दाखवणं हा खरं तर गुन्हा आहे!

छातीवरच्या बिबवर तुमचं नाव असतं आणि आधी किती वेळा ही रेस पूर्ण केलीत तो आकडा. त्यामुळे सगळा रस्ता तुम्हाला नावाने हाक मारतो. माझं नाव कुणालाच नीट उच्चारता आलं नाही आणि मला सगळ्यांचंच आवडलं. आमच्या दोघांच्या बिबवर आकड्याच्या जागी शून्य. दहा वेळा पूर्ण केलं की हिरवा नंबर मिळतो, कायमचा तुमचाच, दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. आमच्या पुढे एक हिरव्या नंबरवाले आजोबा होते, आकडा २३. त्यांची पाठ बघत आम्ही फील्ड्स हिल चढलो. तीन किलोमीटरचा सलग चढ. आजोबा दोन विजेच्या खांबांमध्ये पळत होते, पुढच्या दोन खांबांमध्ये चालत होते. आम्हीही तेच केलं.

पाणी मिळतं ते प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटांत. दातांनी कोपरा फाडायचा आणि चोखायचं. आपल्या एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही, पण एक जर्मन गृहस्थ पाकीट हातात घेऊन इतके हताश उभे होते, की काकांनी ते त्यांना फोडून दिलं. पिकण्याच्या वाटेवरची केळी, संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. बटाटा इतका चविष्ट लागू शकतो हे मला ३० किलोमीटरनंतर कळलं.

एका टेबलावर सगळे स्वयंसेवक भारतीय चेहऱ्यांचे. टी-शर्टांवर आडनावं नायडू, पिल्ले, गोवेंडर. मळ्यांवर राबायला करारावर आणलेल्या मजुरांचं पहिलं जहाज ‘ट्रुरो’ मद्रासहून डरबनला लागलं ते १६ नोव्हेंबर १८६० ला. ही त्यांच्यासारख्यांची पाचवी-सहावी पिढी. ‘इंडियात कुठे?’ एका मावशींनी इंग्रजीत विचारलं. ‘पुणे,’ म्हटलं. त्यांना पुणे माहीत नव्हतं. ‘तिथे पण असे डोंगर आहेत?’ काका थांबून त्यांना सिंहगड समजावून सांगायला लागले. मला त्यांना दंडाला धरून ओढावं लागलं.

मग हिलक्रेस्ट. इथे माझ्या पोटाने दगा दिला. सविस्तर सांगत नाही, ज्यांनी लांब अंतर पळून पाहिलंय त्यांना कळेल. कडेला प्लॅस्टिकच्या टॉयलेट्सची रांग होती आणि प्रत्येक दारासमोर माणसांची रांग. ‘काका, तुम्ही व्हा पुढे, मी गाठते.’ ‘काही नको, जाऊन ये,’ म्हणाले आणि कुणाच्या तरी रिकाम्या खुर्चीत बसले. मी बाहेर आले तर ते संत्रं सोलत होते. पाच मिनिटं गेली असतील. फार फार तर सहा.

हा आकडा लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवला नव्हता.

इंचांगा

बोथाज हिलनंतर डाव्या-उजव्या बाजूला ‘हजार टेकड्यांचं खोरं’ उघडतं. नाव अतिशयोक्तीचं नाही. हिरव्या-करड्या टेकड्यांच्या लाटांवर लाटा, मध्ये घरांचे ठिपके. मार्चमधला सह्याद्री घ्या आणि त्याला दोन्ही बाजूंनी ताणा. कॅमेरा नव्हता, ते बरंच झालं.

इथेच रस्त्याच्या कडेच्या दरडीत एक खोबण आहे, ‘आर्थर्स सीट’. पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन इथे टेकायचा म्हणे. त्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणून फूल वाहिलं की उरलेली अर्धी रेस चांगली जाते अशी श्रद्धा आहे. मी फूल वाहिलं. काकांनी नाही. ते म्हणाले, ‘मागच्या वर्षी वाहिलं होतं.’

ड्रमंड गाव म्हणजे अर्धं अंतर. तिथे पोहोचलो तेव्हा साडेअकराला पाचच मिनिटं कमी होती आणि कट-ऑफची वेळ समोर दिसत होती. म्हणजे आम्ही एक पूर्ण मॅरेथॉन पळून झालो होतो, आणि तरी उशिरा. आता आणखी तेवढंच, वर इंचांगा लगेच समोर. हा चढ नागमोडी आहे. वरच्या वळणांवर मुंग्यांसारखी माणसं सरकताना दिसतात आणि तुम्हाला कळतं की थोड्या वेळाने त्या मुंगीच्या जागी तुम्ही असणार. जून म्हणजे तिकडचा हिवाळा, पण दुपारचं ऊन डांबरावरून चेहऱ्यावर येत होतं.

दुसऱ्या वळणावर काका कडेला जाऊन ओकले. मी पाठीवर हात ठेवला. तोंड धुतलं, चार पावलं पळाले, आणि मांडीत गोळा आला. पुन्हा चालणं. मागून गाण्याचा आवाज यायला लागला.

तो आवाज होता ‘बस’चा. कॉम्रेड्समध्ये बस म्हणजे वेळेचा हिशेब करून पळणारा जथा. पुढे एक अनुभवी धावपटू हातात झेंडा घेऊन, त्याला म्हणतात ‘ड्रायव्हर’. तो ‘वॉक’ म्हणाला की दोनशे माणसं चालतात, ‘रन’ म्हणाला की पळतात, आणि मध्ये सतत गाणी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोक्यात एकच आलं, दिंडी! विणेकरी थांबला की दिंडी थांबते, चालला की चालते. दिवेघाटात एकदा कव्हरेजला गेले होते तेव्हा हेच पाहिलं होतं. झेंड्यावर लिहिलं होतं : १२ तास. म्हणजे ही शेवटची बस. ही चुकली की पुढची नाही.

‘जा,’ काका म्हणाले.

‘एकत्र म्हणाला होतात.’

‘अगं, मी काय तुझं पार्सल आहे का पोहोचवायला? सूट इथून.’

‘काका, थोडं चालू, मग तुम्हाला...’

‘दोघांनी बसमध्ये बसून काय अंताक्षरी खेळायची आहे? जा म्हणतोय ना!’ चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. आणि मग एकदम हळू, ‘माझं पिठलं तू खा.’

मी गेले. दोन वेळा मागे वळून बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा ते वळणाआड होते.

या निर्णयाबद्दल मला नंतर पुष्कळांनी सांगितलं, की बरोबर केलंस, अल्ट्रा म्हणजे ज्याची त्याची लढाई वगैरे वगैरे. मला ते पटत नाही. पुढचे ४० किलोमीटर मी एकटीच्या जोरावर पळाले असं म्हणणं म्हणजे निव्वळ थाप आहे. बसमध्ये माझ्या शेजारी एक झुलू बाई होती, इस्पितळात नर्स, आदल्या दिवसापर्यंत ड्यूटीवर. मी रडत होते ते तिने बघितलं, काही विचारलं नाही, फक्त बटाटा दिला. इंचांगा उतरल्यावर एथेम्बेनी शाळेची मुलं रस्त्याच्या कडेला बसली होती. अपंग आणि दृष्टिहीन मुलांची निवासी शाळा आहे ही. व्हीलचेअरमधून, कुबड्यांवरून, सगळ्यांचे हात रस्त्याकडे पसरलेले, टाळी द्यायला. काकांनी त्यांच्यासाठी पुण्याहून टोप्या आणल्या होत्या, दोघांच्या कमरेच्या पाऊचमध्ये विभागून. मी माझ्या वाट्याच्या दिल्या. त्यांच्या वाट्याच्या पोहोचल्या की नाही, हा विचार मग कॅटो रिजपर्यंत डोक्यातून गेला नाही.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. इथले फलक किती झालं ते सांगत नाहीत, किती राहिलं ते सांगतात. ३०, २९, २८. उमलास रोडला, रेसच्या सगळ्यात उंच ठिकाणी, वारा सुटला होता आणि ड्रायव्हर आम्हाला सांगत होता, की इथून सगळा उतार. साफ खोटं बोलत होता. पुढे पॉली शॉर्ट्स उभा होता. जेमतेम दोन किलोमीटरचा चढ, पण तुम्ही ७५ पेक्षा जास्त पळून आलेले असता. पॉलीवर बसमधलं कुणीही पळालं नाही. गाणंही थांबलं. नुसता बुटांचा आवाज, आणि श्वास.

पाठमोरा माणूस

स्कॉट्सव्हिलच्या रेसकोर्सवर, जिथे एरवी घोडे पळतात, मी ११ तास ५१ मिनिटांनी पोहोचले. गवतावर पाय पडला तेव्हा इतकं मऊ वाटलं की पडलेच असते. नर्सबाईने हात धरला. मेडल गळ्यात आलं. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना मिळतं ते, ‘व्हिक क्लॅपम’ मेडल, तांब्याचं. जेमतेम दहा रुपयांच्या नाण्याएवढं. कॉम्रेड्सची मेडलं मुद्दामच चिमुकली असतात.

मी तंबूत गेले नाही. कुंपणाला धरून उभी राहिले. अजून नऊ मिनिटं होती.

ही नऊ मिनिटं बघायला लोक दिवसभर थांबतात. जिंकणारे दुपारच्या आतच घरी गेलेले असतात. त्या वर्षी नेदरलँड्सचा पीट विअर्स्मा साडेपाच तासांच्याही आत आला होता, गेर्डा स्टाइन सहा तासांच्या आत. त्यांच्यासाठी टाळ्या वाजतात, शेवटच्यांसाठी घसे फुटतात. कुणी वाकडं पळत होतं, कुणाला दोघांनी खांद्यावर घेतलं होतं, एक माणूस हातापायांवर रांगत होता. सूर्य मावळलेला. मी प्रत्येक चेहऱ्यात पांढऱ्या मिशा शोधत होते.

साडेपाचला एक मिनिट कमी असताना एक अधिकारी हातात पिस्तूल घेऊन रेषेवर उभा राहिला. धावपटूंकडे पाठ करून. कोण किती जवळ आलंय ते त्याला दिसू नये म्हणून. स्टँडमधले हजारो लोक सेकंद मोजत होते. बार उडाला तेव्हा एक मुलगी रेषेपासून आठ-दहा पावलांवर होती. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. रेषा बंद झाली. तिच्या मेडलची नोंद कुठेच नाही, कारण मेडलच नाही. ८६ वजा आठ पावलं म्हणजे शून्य, असा इथला हिशेब आहे. क्रूर आहे. पण हा हिशेब नसता तर मी पॉली शॉर्ट्सवर बसून घेतलं असतं, हेही तितकंच खरं.

काका आले नव्हते.

ते परदेशी धावपटूंच्या तंबूत सापडले. खुर्चीत, ब्लँकेट गुंडाळून, मांडीवर माझी जॅकेट असलेली पिशवी. दोन तासांपासून तिथेच होते.

‘किती?’

‘अकरा एक्कावन्न.’

‘नऊ मिनिटं हातात ठेवलीस! उगाच घाई केलीस.’

मग मी विचारलं. इंचांगा त्यांनी चढला होता. टोप्याही दिल्या होत्या. कॅटो रिजला रस्त्यावर माणसं आडवी उभी होती. ‘चार मिनिटं,’ ते म्हणाले. बिबवर खूण केली, बसमध्ये बसवलं. खरोखरीच्या, चाकांच्या बसमध्ये. तीसेक जण होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. खिडकीतून पळणारे दिसत होते म्हणून ड्रायव्हरने पडदे ओढले.

चार मिनिटं. मी जॅकेटची चेन लावत होते आणि माझे हात थांबले. हिलक्रेस्ट. टॉयलेटची रांग. पाच मिनिटं, फार फार तर सहा.

तेव्हा काही बोलले नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून एक बनी चाऊ खाल्ला. पावाचा अर्धा लोफ पोखरून त्यात मसालेदार रस्सा भरतात, डरबनच्या भारतीयांची ही देणगी. काकांचं पोट आता ठणठणीत होतं. त्यांनी पोखरलेल्या पावाचा कडेचा भागही सोडला नाही.

स्टेशन

सोमवारी सकाळी पीटरमॅरिट्झबर्गचं रेल्वे स्टेशन बघायला गेलो. लाल विटांची जुनी, देखणी इमारत. ७ जून १८९३ च्या रात्री मोहनदास गांधी नावाच्या २३ वर्षांच्या वकिलाला पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही इथे उतरवून दिलं होतं. तेही डरबनहूनच निघाले होते. म्हणजे आम्ही ज्या दोन शहरांमध्ये आदल्या दिवशी पाय ओढत आलो, तोच प्रवास. प्लॅटफॉर्मवर पाटी आहे. मला खूप काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मांड्या इतक्या ठणकत होत्या, की रस्त्याच्या कडेची एक पायरी मी कठड्याला धरून उलटी उतरले होते. काका शेजारून सरळ उतरले. ५५ किलोमीटरचा हा फायदा, म्हणाले.

पाटीसमोर आम्ही दोघंच होतो. जूनची थंडी, पातळ ऊन.

‘काका, हिलक्रेस्टला तुम्ही थांबला नसतात तर...’

ते पाटी वाचत होते. सगळी वाचून होईपर्यंत काही बोलले नाहीत.

‘हिलक्रेस्टला ना,’ मग म्हणाले, ‘काय मस्त खुर्ची होती ती. आणि ते संत्रं. अख्ख्या रेसमधली तेवढीच पाच मिनिटं बरी गेली बघ.’

मोबाइल माझ्या हातात दिला. ‘फोटो काढ. पाटी नीट येऊ दे.’ मी एक काढला. मग त्यांनी तिथल्या रखवालदाराला बोलावलं, मोबाइल त्याच्याकडे दिला आणि मला शेजारी उभं केलं.

‘मेडल कुठाय?’

‘सॅकमध्ये.’

‘सॅकमध्ये काय, लोणचं घालणार आहेस? काढ बाहेर.’

मी काढलं. रिबन गुंता झालेली होती. ती सोडवेपर्यंत रखवालदार मोबाइल धरून शांतपणे उभा होता. काकांनी त्याला विचारलं, पुढच्या वर्षी डाऊन ना? तो म्हणाला, हो, नव्वद किलोमीटरच्या आसपास.